५१ क्रमांकाच्या सन्मानासाठी सिएटलला

शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५

पोर्टलँडहून सुटणारी अ‍ॅमट्रॅकची कॅस्केड्स गाडी साधारण साडेतीन तासांत सिएटलच्या किंग स्ट्रीट स्थानकात येते. १९०६ साली उघडलेले हे स्थानक आणि त्याचा उंच घड्याळाचा मनोरा नेहमी निवांतपणे पाहावा असा आहे. पण आज गाडीतून उतरलेल्या निम्म्याअधिक प्रवाशांना मनोऱ्याकडे मान वर करून पाहायला सवड नव्हती. अनेकांच्या अंगात ५१ क्रमांकाचा सदरा होता आणि सगळ्यांची पावले दक्षिणेकडे, बेसबॉलच्या मैदानाकडे वळली होती. त्यांत जपानहून खास आलेली कुटुंबे होती, पांढऱ्या केसांची अमेरिकन जोडपी होती आणि जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकी भरात होता तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी मुले होती. उद्या, शनिवारी, सिएटल मॅरिनर्स हा संघ इचिरोचा ५१ क्रमांक कायमचा निवृत्त करणार असल्यामुळे हा सारा मेळा जमला होता.

बेसबॉलमध्ये खेळाडूच्या सदऱ्याचा क्रमांक निवृत्त करणे हा क्लबच्या हातातला सर्वोच्च सन्मान मानला जातो. तो क्रमांक मैदानात सर्वांना दिसेल असा कायमचा लावतात आणि त्यानंतर त्या संघाचा कोणताही खेळाडू तो परिधान करत नाही. १९७७ पासून खेळत असलेल्या मॅरिनर्सनी आपल्या खेळाडूंपैकी आजवर केवळ दोघांना हा मान दिला होता: केन ग्रिफी ज्युनियरचा २४ आणि एडगर मार्टिनेझचा ११. तिसरा क्रमांक ४२ हा बेसबॉलमधला वर्णभेद मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनचा आहे आणि तो १९९७ पासून सर्वच संघांनी निवृत्त केलेला आहे. जो संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे मोसमाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिकेपर्यंत, एकदाही पोहोचलेला नाही, असा अमेरिकेच्या या मुख्य लीगमधला एकमेव संघ म्हणजे मॅरिनर्स. त्यामुळे इथल्या प्रेक्षकांनी विजयचषकांपेक्षा माणसांवरच अधिक जीव लावला, असे मला नेहमी वाटत आले आहे.

संध्याकाळचा सामना टॅम्पा बे रेज या संघाशी होता. आम्ही मुद्दाम उजव्या बाजूच्या मैदानामागची, म्हणजे राइट फील्डची तिकिटे काढली होती. सिएटलजवळच्या रेडमंडला राहणारा माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, आणि त्याचा शाळकरी मुलगा थेट मैदानावरच येऊन भेटले. वहिनींनी तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून दिल्या होत्या, आणि बाहेरचे खाणे आत नेऊ देणारे मैदान असल्यामुळे त्या पहिल्या डावातच संपल्या. टी-मोबाइल पार्क हे आजचे नाव. १९९९ च्या जुलैत मैदान उघडले तेव्हा ते सेफको फील्ड होते आणि माझ्या पिढीच्या तोंडी अजूनही तेच नाव येते. पावसासाठी सरकते छप्पर, शेजारून जाणाऱ्या मालगाड्यांचे भोंगे आणि लसूण घातलेल्या बटाट्याच्या काचऱ्यांचा सर्वत्र दरवळणारा वास, यांपैकी काहीही बदललेले नाही.

नोकरीच्या निमित्ताने मी या शहरात राहत होतो ते वर्ष २००४ चे होते. त्या मोसमात मॅरिनर्स संघ ९९ सामने हरला. तरीही सप्टेंबरअखेर शहरात दुसरा विषय नव्हता. जॉर्ज सिस्लरने १९२० साली एका मोसमात २५७ हिट्स मारण्याचा विक्रम केला होता आणि तो ८४ वर्षे अबाधित होता. हिट म्हणजे चेंडू मारून, क्षेत्ररक्षकाच्या चुकीचा आधार न घेता, फलंदाजाने सुरक्षितपणे बेस, म्हणजे धावमार्गावरचा थांबा, गाठणे. इचिरोने १ ऑक्टोबर २००४ रोजी याच मैदानावर टेक्सास रेंजर्सविरुद्ध तो विक्रम मागे टाकला आणि मोसमाअखेर आपली संख्या २६२ वर नेली. त्या रात्री मी कामावर होतो आणि रेडिओवर डेव्ह नीहाउस यांचे समालोचन ऐकत होतो. नीहाउस आता नाहीत. मैदानाच्या आतल्या व्हरांड्यात त्यांचा बसलेला पुतळा आहे आणि आज सामन्याआधी त्याच्यासमोर छायाचित्र काढणाऱ्यांची रांग लागली होती.

ज्यांनी इचिरोला खेळताना पाहिलेले नाही त्यांना त्याच्या खेळाची जात सांगणे आवश्यक आहे, कारण आजच्या बेसबॉलमध्ये ती जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. तो डावखुरा फलंदाज होता. चेंडू येण्यापूर्वी उजव्या हातातली बॅट गोलंदाजाच्या दिशेने उभी धरायची, डाव्या हाताने खांद्यावरची बाही किंचित ओढायची आणि मग पवित्रा घ्यायचा, हा त्याचा क्रम हजारो वेळा जसाच्या तसा पाहायला मिळाला. फटका पूर्ण होण्याआधीच त्याची पावले पहिल्या बेसकडे निघालेली असत, त्यामुळे इतरांच्या बाबतीत सहज बाद ठरणारा, दोन टप्पे पडून क्षेत्ररक्षकाकडे जाणारा चेंडूही त्याच्यासाठी हिट ठरत असे. मुंबईच्या मैदानांवर एकेरी-दुहेरी धावांची किंमत शिकत वाढलेल्या मला हा खेळ पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला. षटकार मारण्याची ताकद त्याच्यात होती, हे सरावाच्या वेळी सर्वांना दिसत असे. पण चेंडू रिकाम्या जागी ठेवून धावण्याचा मार्ग त्याने विचारपूर्वक निवडला होता.

आजचा सामना मॅरिनर्सनी जिंकला. प्रेक्षक मात्र उद्याचेच बोलत बाहेर पडले.

शनिवार, ९ ऑगस्ट

समारंभ संध्याकाळी असल्यामुळे सकाळ मोकळी होती आणि ती मी किंग स्ट्रीट स्थानकाच्या पलीकडच्या जुन्या जपानी वस्तीत घालवली. या भागाला निहोनमाची म्हणतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी इथे हजारो जपानी लोक राहत होते. १९४२ साली अमेरिकी सरकारने त्यांना घरादारातून उठवून छावण्यांत पाठवले, तेव्हा अनेकांनी आपल्या पेट्या आणि सामान पनामा हॉटेलच्या तळघरात ठेवले. त्यांतले कित्येक जण ते न्यायला परत आलेच नाहीत. हॉटेलच्या चहागृहात जमिनीत बसवलेल्या काचेतून खालचे ते सामान आजही दिसते. चामड्याच्या पट्ट्यांनी आवळलेल्या पेट्या आणि त्यांवर रंगाने लिहिलेली आडनावे मी बराच वेळ पाहत राहिलो. ज्या शहराने आपल्या जपानी रहिवाशांना असे जाताना पाहिले, त्याच शहराने साठ वर्षांच्या आत एका जपानी खेळाडूला डोक्यावर घेतले. एका खेळाडूवरच्या प्रेमाने जुना अन्याय पुसला जात नाही; पण आजचा समारंभ याच शहरात का हवा होता, हे त्या तळघराकडे पाहताना मला अधिक नीट उमगले.

इचिरोच्या येण्याआधी त्याची वाटही एका जपानी माणसामुळेच तयार झाली होती. १९९२ साली मॅरिनर्स संघ दुसऱ्या शहरात जाण्याच्या बेतात असताना निन्टेन्डोचे प्रमुख हिरोशी यामाउची यांच्या पुढाकाराने तो विकत घेतला गेला आणि सिएटलमध्येच राहिला. इचिरो त्याच वर्षी जपानच्या ओरिक्स संघाकडून व्यावसायिक बेसबॉल खेळू लागला होता. तिथे सलग सात वर्षे फलंदाजीचा किताब मिळवून तो २००१ साली सिएटलला आला. त्यापूर्वी जपानहून आलेले खेळाडू गोलंदाज होते. रोज मैदानात उतरणारा फलंदाज अमेरिकेत टिकेल का, अशी शंका उघडपणे व्यक्त होत होती. पहिल्याच मोसमात त्याने २४२ हिट्स मारल्या, फलंदाजीचा किताब मिळवला आणि सर्वोत्तम नवोदित व सर्वाधिक मौल्यवान खेळाडू हे दोन्ही मान एकाच वर्षी पटकावले. संघाने ११६ सामने जिंकून १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली. पुढे सलग दहा मोसम दोनशेहून अधिक हिट्स, अमेरिकेतल्या एकूण ३०८९ आणि जपानमधल्या १२७८, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत.

दुपारी जेवताना पुतण्याने विचारले, “काका, सचिनचा १० नंबर आपल्याकडे असाच रिटायर केला का?” दादाने त्याला २०१७ ची हकीकत सांगितली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कोलंबोला पालघरचा शार्दूल ठाकूर १० क्रमांकाचा सदरा घालून एकदिवसीय सामन्यात उतरला आणि चाहत्यांनी एवढी नाराजी व्यक्त केली की पुढे तो क्रमांक कोणालाच द्यायचा नाही, असे ठरून गेले. शार्दूलने नंतर ५४ क्रमांक घेतला. त्या तरुण खेळाडूला उगाचच बोल लागला, असे माझे मत आहे. कारण ज्या क्रमांकाचा सन्मान व्हायला हवा होता त्याचा समारंभ आधी कोणी केलाच नव्हता. आपल्याकडे वानखेडेवर स्टँडला नाव देण्याची रीत आहे, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे सचिनचा पुतळाही उभा राहिला, आणि हे सारे योग्यच आहे. तरीही खेळाडू समोर उभा असताना, भरल्या मैदानात, त्याच्या संघसोबत्यांच्या देखत “हा क्रमांक आता तुझाच” असे सांगण्यात जो आनंद आहे, तो आपल्या प्रेक्षकांनाही लाभायला हवा.

मैदानाची दारे उघडण्याच्या कितीतरी आधी रांगा रस्त्याच्या वळणापर्यंत गेल्या होत्या. आमच्या पुढे ओसाकाहून आलेले एक वृद्ध गृहस्थ आपल्या मुलीबरोबर उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि आम्हाला जपानी. पण त्यांनी पाकिटातून जुन्या ओरिक्स संघाचे, काठावर मळलेले एक तिकीट काढून पुतण्याच्या हातावर ठेवले. त्याने ते दोन्ही हातांनी धरले, पाहिले आणि तसेच दोन्ही हातांनी परत केले, आणि त्या गृहस्थांनी समाधानाने मान हलवली.

समारंभात ग्रिफी, एडगर मार्टिनेझ आणि रँडी जॉन्सन या जुन्या खेळाडूंचे स्वागत झाले तेव्हा मैदान उभे राहिलेच. परंतु जॉन्सनच्या उपस्थितीचा अर्थ जाणकारांना विशेष होता. सहा फूट दहा इंच उंचीच्या या गोलंदाजाने १९८९ ते १९९८ या काळात सिएटलसाठी हाच ५१ क्रमांक घातला होता. इचिरो जपानमध्येही ५१ घालत असे, म्हणून इथे आल्यावर त्याला तोच मिळाला. तेव्हा त्याने जॉन्सनला पत्र लिहून या क्रमांकाला कमीपणा येईल असे काही करणार नाही, असा शब्द दिला. जॉन्सनचाही ५१ निवृत्त करण्याचा निर्णय क्लबने या उन्हाळ्यात जाहीर केला आहे. मात्र इचिरोच्या दिवसात आपला वाटा नको, अशी भूमिका जॉन्सनने घेतल्यामुळे त्याचा समारंभ २०२६ साली होणार आहे. दोघांनी एकमेकांचा मान असा राखला, म्हणून एकच क्रमांक दोघांच्या नावे निवृत्त होण्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

इचिरोच्या सन्मानाबद्दल मला जे सांगायचे आहे ते हेच. आधीच्या माणसांचा मान कसा राखावा हे त्याला स्वतःला ठाऊक होते. २०१२ साली तो न्यूयॉर्क यांकीजकडे गेला तेव्हा तिथे ५१ क्रमांक रिकामा होता. पण तो बर्नी विल्यम्सने गाजवलेला असल्यामुळे इचिरोने ३१ घेतला. २००९ साली ऑल-स्टार सामन्यासाठी सेंट लुईसला गेला असताना, ज्याचा विक्रम आपण मोडला त्या जॉर्ज सिस्लरच्या समाधीवर तो पत्नीसह जाऊन फुले वाहून आला. निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून तो कूपरस्टाउनच्या बेसबॉल संग्रहालयात पुन्हा पुन्हा जाऊन जुन्या खेळाडूंच्या बॅटी हातात घेऊन पाहत असे. स्वतःच्या बॅटी तो दमट हवेपासून जपण्यासाठी खास पेटीत ठेवत असे आणि ग्लोव्हज स्वतः पुसत असे. आपल्याकडे खंडेनवमीला कारागीर आपली हत्यारे पुसून, हळदकुंकू वाहून पाटावर मांडतो. इचिरोची खंडेनवमी वर्षातल्या प्रत्येक दिवशी होती. ज्याने क्रमांकाला, साधनांना आणि पूर्वसुरींना असे वागवले, त्याच्या नावे एक क्रमांक पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या हातून काढून घेणे मला न्याय्य वाटते. केवळ हिट्सच्या संख्येवर एवढा मोठा त्याग भविष्यातल्या खेळाडूंकडून मागता येणार नाही.

दोनच आठवड्यांपूर्वी, २७ जुलैला, त्याचा कूपरस्टाउनला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, प्रवेश झाला होता. तिथे पोहोचलेला तो पहिला जपानी खेळाडू. ३९४ पैकी ३९३ मते त्याला मिळाली. तिथल्यासारखेच आजही त्याने इंग्रजीत भाषण केले. इतकी वर्षे पत्रकारांशी तो बहुधा दुभाष्यामार्फत बोलत असे, कारण नेमका शब्द चुकू नये याची त्याला काळजी होती. म्हणून परक्या भाषेतले प्रत्येक वाक्य घोटून, ठाम उच्चारात तो म्हणत होता तेव्हा आमच्या रांगेतले जपानी प्रेक्षक आणि अमेरिकन प्रेक्षक सारख्याच लक्षाने ऐकत होते. पुढच्या वर्षी मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभारला जाईल, ही घोषणाही आजच झाली. ५१ हा आकडा जुन्या क्रमांकांच्या शेजारी उघड झाला तेव्हा माझा गळा दाटून आला आणि दादाने काही न बोलता माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर सामना होता, आणि तो जिंकणे माझ्या दृष्टीने समारंभाइतकेच महत्त्वाचे होते. सन्मानाच्या दिवशी घरचा संघ हरला तर लोक जड पावलांनी घरी जातात. याच मैदानावर २०१७ साली एडगर मार्टिनेझचा क्रमांक निवृत्त झाला त्या संध्याकाळी मॅरिनर्स हरले होते. आज तसे झाले नाही. मॅरिनर्सनी रेजना ७-४ असे हरवले. आजचा हा संघ इचिरोच्या पद्धतीने खेळत नाही. यष्टिरक्षकासारखी कॅचरची कष्टाची जागा सांभाळणारा कॅल रॅली या मोसमात होम रनच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या षटकारांच्या, यादीत सर्वांच्या पुढे आहे, आणि जुलैअखेर संघात परतलेला एउहेनिओ सुआरेझही चेंडू प्रेक्षकांत भिरकावण्यासाठीच ओळखला जातो. पण सेंटर फील्डला हुलिओ रॉड्रिगेझ धावत जाऊन झेल घेतो तेव्हा त्याच्या पहिल्या पावलाची निवड पाहावी. इचिरो आजही संघाचा गणवेश घालून सरावाला मैदानात असतो, तरुणांबरोबर उंच चेंडू झेलतो, आणि त्याचा परिणाम क्षेत्ररक्षणात दिसतो असे मला प्रामाणिकपणे वाटते.

डावांच्या मधल्या वेळात मोठ्या पडद्यावर जुनी दृश्ये दाखवली जात होती. ११ एप्रिल २००१ ची ऑकलंडमधली ती फेक पुन्हा पाहिली: राइट फील्डमधून इचिरोने थेट तिसऱ्या बेसवर, जमिनीला समांतर जाणारा चेंडू फेकला आणि टेरेन्स लाँग धावबाद झाला. पुतण्याने विचारले, “एवढ्या लांबून टप्पा न पडता?” आम्ही बसलो होतो तिथून तिसरा बेस समोरच दिसत होता. मी त्याला ते अंतर नजरेने मोजायला सांगितले. त्याने मोजले आणि पुढचे दोन डाव तो रेजच्या फलंदाजांचे चेंडू सोडून राइट फील्डरच्या हाताकडेच पाहत बसला.

रविवार, १० ऑगस्ट

आजचा सामना दुपारचा होता आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मॅरिनर्सनी तो जिंकून मालिकेतले तिन्ही सामने खिशात घातले. उन्हात काल रात्रीचा नवा ५१ अधिक स्पष्ट दिसत होता. काल ज्यांना तिकीट मिळाले नव्हते ते लोक आज तो पाहायला आले होते, आणि सामना संपल्यावरही बरीच मंडळी तिथेच रेंगाळत होती.

परतीच्या गाडीत मी मोसमाचे उरलेले सामने मोजत बसलो. या संघाने आपल्या विभागाचे विजेतेपद शेवटचे मिळवले ते २००१ साली, इचिरोच्या पहिल्या मोसमात. तेव्हा एवढे सामने जिंकूनही वर्ल्ड सिरीज गाठता आली नाही, आणि इचिरोला ती कधीच खेळायला मिळाली नाही.

ताजा कलम

हे टिपण पूर्ण करेपर्यंत २४ सप्टेंबरला मॅरिनर्सनी विभागाचे विजेतेपद पटकावले आणि त्याच रात्री रॅलीने साठावा होम रन मारला. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज गाठण्यासाठीची टोरोंटोविरुद्धची मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि तिथे मॅरिनर्स एका धावेने हरले. वर्ल्ड सिरीज आणखी एक वर्ष लांबली. रँडी जॉन्सनच्या समारंभाला मात्र आम्ही सगळे जाणार आहोत, आणि या वेळी वहिनीही येणार आहेत.